उजवा पंख

गिरधरला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो काही उगाच नव्हता. भडगावपासून चाळीसगावपर्यंत तीस वर्षं त्याने शेतांत ठिबकचे पाइप जोडले. गिरधरचा सांधा गळाला असं सांगणारा माईचा लाल अजून कुणाला भेटलेला नाही. अशा माणसाला पोरीच्या विमानाचा एक पंख बसवता येऊ नये? छे!

पोर म्हणजे सुलक्षणा. एकुलती एक. नोकरी धुळ्याला, शनिवारी मेहरूणला घरी यायची आणि टेबलाशी मान खाली घालून प्लास्टिकची विमानं जोडत बसायची. गेल्या श्रावणात डेंग्यूने चार दिवसांत गेली. टेबलावर हातभर लांबीचं विमान तसंच राहिलं, उजवा पंख शेजारी सुटा. शेवटच्या शनिवारी तिने विचारलं होतं, "बाबा, एवढा पंख पाच मिनिटं धरता का?" आणि हा शहाणा म्हणाला होता, "पोरखेळाला मला वेळ नाही." ते बोलणं वर्षभर त्याला खात होतं. आता वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढे पुरं झालेलं विमान ठेवायचं, एवढंच त्याला हवं होतं. बायकोला, रत्नाला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला एकदम दाखवायचं होतं.

सुलक्षणाची गोंदाची बाटली उघडली, तर आत ठणठणाट. झाकणातला ब्रशही वाळून काडी झालेला. म्हणून रविवारी तो एसटीने धुळ्याला गेला, ती सामान घ्यायची त्या दुकानात. मालक मनन, तिशीतला मारवाडी माणूस, तिला चांगला ओळखायचा. ती गेल्याचं ऐकून त्याने गिरधरला स्टूल दिलं आणि पंखाचं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "काका, सुपर ग्लू बिलकुल नको. त्याच्या वाफेने विमानाची काच पांढरी पडते. पंखाला पातळ सिमेंट लागतं, म्हणजे प्लास्टिकचा खास पातळ गोंद. दोन्ही भाग कोरडेच जुळवायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा. ते आपोआप आत पळतं, प्लास्टिक थोडं विरघळून एकजीव होतं."

"म्हणजे आमच्या पाइपच्या सोल्युशनसारखंच की."

"जात तीच, पण ते नका लावू हां! फार जहाल पडेल. माझ्याकडचं संपलंय, मुंबईहून मागवतो. आठ दिवस लागतील."

श्राद्ध गुरुवारी होतं. आठ दिवस कुठून आणायचे?

बुधवारी दुपारी रत्ना बाजारात गेली आणि गिरधरने सोल्युशनचा डबा काढला. कसबी माणूस, आधी चाचणी केल्याशिवाय हात लावणार नाही. विमानाच्या खोक्यात उरलेल्या जाड प्लास्टिकच्या चौकटीचे दोन तुकडे जोडून पाहिले. सांधा असा पक्का, की दोन्ही हातांनी तुटेना. "काल आलेली पोरं मला शिकवतात!" तो हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

मग पंख घेतला. आणि इथेच घात झाला, कारण काम डोक्याने नाही, तीस वर्षांच्या हाताने केलं. ब्रश भरून घेतला, दोन्ही बाजूंना सढळ फासला, पंख आत रेटला, पाव फेरा दिला आणि दाबून धरला. पाइप असाच बसवतात. पण हा पाइप नव्हता. सोल्युशनचा ओघळ पंखावर आला, तो त्याने घाईने बोटाने पुसला, तर बोटाबरोबर प्लास्टिकच सरकलं. "अरे अरे अरे! थांब ना गं बाई!" तो त्या विमानाला विनवत होता. पंख ओल्या पापडासारखा लोंबला.

रत्ना पिशवी घेऊन दारात उभी होती.

"बोल," गिरधर म्हणाला. "शिव्या दे मला. तिने धरायला सांगितलं तेव्हा धरला नाही, आणि आज धरला तर हे झालं. मी नालायक बाप आहे, रत्ना."

रत्नाने पिशवी खाली ठेवली. पंखाकडे वाकून पाहिलं.

"तठे तिना आंगठा व्हता," ती म्हणाली.

पंखाचे दोन पदर चिकटवताना ते पातळ सिमेंट सुलक्षणाच्या बोटाखाली शिरलं होतं, आणि मऊ पडलेल्या प्लास्टिकवर तिचा अंगठा कायमचा उठला होता. गिरधर झोपला की रोज दुपारी रत्ना धूळ पुसायच्या निमित्ताने जायची आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बसायची. वर्षभर. एका घरात राहून गिरधरला याचा पत्ता नव्हता.

आताही तिने ठसा चाचपडत तिथेच अंगठा टेकवला. प्लास्टिक अजून ओलं होतं. अंगठा उचलला तेव्हा खाली एक ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट. गिरधरने झटकन विमान उजेडाकडे वळवलं. "आहे! रत्ना, आहे बघ!"

रत्नाने पाहिलं. मग आपल्या अंगठ्याला लागलेलं प्लास्टिक पाहिलं.

"हाऊ तिना नही," ती म्हणाली. "हाऊ ते मना शे."