नकाराचा नमुना

“लिखी टाकं मॅडम. आते काही बोलू नका.” रिनाने बाकावरून कागद पुढे सरकवला.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. सातवीच्या वर्गात दोघीच होत्या. सुंदरबाईंनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीलाच त्यांचं डोकं फिरलं. रिना राजपूत, सेवाज्येष्ठता यादीत पहिली, हिला मुख्याध्यापकपद नको होतं. महिनाअखेर मुख्याध्यापक उमाकांत सर निवृत्त होणार, नकार द्यायची मुदत आज पाचपर्यंत, आणि बाईसाहेब नकार लिहून मोकळ्या!

तीन महिने सुंदरबाई तिच्यामागे लागल्या होत्या. स्वतः याच शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर नंदुरबारच्या एका महिला मंडळाने त्यांना हे काम दिलं होतं: वरच्या पदावर जाऊ शकणाऱ्या शिक्षिकांना तयार करायचं, त्यांच्या मनातली भीती काढायची. त्यासाठी पुण्याहून एक गुळगुळीत पुस्तिका आली होती. आरशासमोर उभं राहा, ‘मी सक्षम आहे’ असं दहा वेळा म्हणा. पुस्तिका लिहिणाऱ्याने इथल्या, शहाद्याच्या बाईचा आरसा पाहिला नसावा. तिथे भांग पाडायलाही ती घाईतच उभी राहते. तरी सुंदरबाईंनी सगळं इमानेइतबारे करून घेतलं होतं. रिना प्रशिक्षणात फडाफडा बोलायची. सहा वर्षांत अशा किती जणी फडाफडा बोलून ऐनवेळी माघारी गेल्या, ते आठवलं की सुंदरबाईंचा संताप व्हायचा. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

त्यांनी रिनाला चांगलंच फैलावर घेतलं. यादीत तुझ्यानंतरचा राजेंद्र सर उद्या तुझ्या डोक्यावर बसेल, मग रड, असंही सांगून झालं. रिना खाली मान घालून ऐकत होती. बोलून दमल्यावर सुंदरबाईंनी कागद पुन्हा उचलला, निदान शुद्धलेखनाच्या चुका तरी काढाव्यात म्हणून.

‘माझा स्वभाव व कौटुंबिक जबाबदाऱ्या पाहता सदर पदाचा भार माझ्याने पेलवणार नाही. तरी माझ्यानंतरच्या सहकाऱ्यास ही संधी द्यावी, ही नम्र विनंती.’

एकही चूक नव्हती. वाक्यं मात्र सुंदरबाईंना ओळखीची वाटली.

“हाई तुले कोनी सांगं लिखाले?”

“हेमराजभाऊनी नमुना दिना. समद्या बाया हाईच लिखतस, म्हने.”

रिनाने पर्समधून झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळवंडलेल्या, नावाच्या जागी पट्टी लावून कोरं ठेवलेलं. पण अक्षर कुठे जाणार? फळ्यावर सुविचार लिहिण्यासाठी अख्ख्या शाळेत जे अक्षर मागितलं जायचं, तेच ते.

संस्थेच्या चार शाळा. वीस वर्षांत ज्या ज्या बाईचा नंबर लागला, तिच्यापुढे कारकून हेमराज हा कागद ठेवत आला होता. मजकूर सोयीचा होता. कुणाला दोष नाही, कुणाचं नाव नाही.

सुंदरबाईंना वाटलं, गप्प बसावं. प्रशिक्षणात त्या नेहमी सांगत आल्या होत्या की आमच्या काळी बायकांना संधीच नव्हती. धडधडीत खोटं. पण समोरच्या बाईने तीन महिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

“हाई मन्हं अक्षर शे, रिना,” त्या म्हणाल्या. “दोन हजार पाचमा मीच लिखेल शे.”

रिनाने झेरॉक्स पुन्हा हातात घेतली. “मंग तुम्हले खरंच जमाव नव्हतं का?”

वेळापत्रक, पोषण आहाराचा तांदूळ, तपासणीला येणारे साहेब, भांडायला येणारे पालक, सगळं चौदा वर्षं सुंदरबाईंनीच पाहिलं होतं. त्यांच्याहून पाच वर्षांनी कनिष्ठ असलेले उमाकांत सर खुर्चीवर बसून ‘बाईंना विचारा’ एवढंच म्हणत.

“शाळा मीच चालाडी. सर फक्त सही करेत.”

मग रिना बोलली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती पुस्तिकेतलं बोलली नाही.

“माले भ्याव नही वाटत, मॅडम. तुम्ही मन्हं भ्याव काढी ऱ्हायनात, पन ते मन्हामा नव्हतंच. अध्यक्षसनी मन्हा मालकले ऑफिसमा बलायं. बाईनी नकार लिखी देवाले पाहिजे, म्हनेत. तुम्ही माले कधी इचारंच नही.”

सुंदरबाईंना राग आला तो या वेळी स्वतःचा. त्यांच्या वेळी अध्यक्षांनी सासऱ्यांना बोलावलं होतं. सासरे घरी येऊन जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले की लिहून दे. घराची अब्रू नको जायला म्हणून सुंदरबाईंनी ‘स्वभाव’ हा शब्द शोधून काढला. पुढे तोच खरा वाटू लागला. आपल्याच अक्षरात लिहिलेलं माणूस नाकारणार कसं? आणि रोग बायकांच्याच स्वभावात आहे असं समजून त्या गावोगावच्या बायकांना औषध पाजत फिरत होत्या.

रिनाने लिहिलेला कागद फाडला आणि वहीचं नवं पान काढलं. या वेळी तिने नमुन्याकडे पाहिलं नाही. लिहून झाल्यावर तिने ते सुंदरबाईंना दाखवलंसुद्धा नाही.

कार्यालयात पोचायला पाचला दहा मिनिटं कमी होती. हेमराजने शिक्का हातात घेतला, कागद वाचला आणि शिक्का खाली ठेवला. ‘मुख्याध्यापकपदाचे काम मला येते,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘मात्र माझे पती इंद्रसिंग यांना कार्यालयात बोलावून मी नकार द्यावा असे सांगण्यात आले, म्हणून नकार देत आहे.’

“ताई, हाई आवक रजिस्टरमा घेता येत नही. नमुनाप्रमाने लिखा.”

“मी लिखं ते खरं शे. घेवानं व्हई तर घ्या.”

हेमराजने अध्यक्षांना फोन लावला, लागला नाही. असा कागद फाईलला लागला तर उद्या तपासणीत कोण वाचेल, हे तो जाणून होता. त्याने कागद परत केला.

“मंग मन्हा नकार नही, असं समजा,” रिना म्हणाली. पाच वाजेपर्यंत ती बाकावर बसून राहिली, मग पदर सावरून निघाली. घरी इंद्रसिंगला काय सांगायचं, हे तिचं तिलाच पाहायचं होतं. लेखी नकाराशिवाय यादीतलं पहिलं नाव शिक्षण विभागाकडे जाणार होतं.

सुंदरबाई मागे थांबल्या. त्यांनी हेमराजकडे आपला तेव्हाचा मूळ अर्ज मागितला. त्याने जुन्या मॅडम म्हणून खुर्ची पुढे केली आणि कपाटातून फाईल काढून दिली. निळी शाई अजून ठळक होती. खाली त्यांची सही, आणि शेजारी लाल शाईत तेव्हाच्या अध्यक्षांचा शेरा: ‘स्वेच्छेने. मान्य.’

त्यांनी अर्ज सावकाश, शेवटपर्यंत वाचला. त्या पानावर सासरे कुठेच नव्हते. अध्यक्षांनी कुणाला बोलावलं नव्हतं. तिथे सुंदरबाई एकटीच होती, आणि तिला काहीच जमत नव्हतं.