अवो, आणि पुढचं वाक्य

“दोन-सहा, एफ-तीन, ए-चार,” सारजानं कागदावरून वाचलं. मी ते आकडे कॉम्प्युटरवर दाबले.

रविवार, म्हणून बारामतीतला आमचा क्लास बंद होता. एरवी मी तिथं पोरांना टायपिंग शिकवणारा कुंडलिक सर. पण त्या चौऱ्याण्णव साली मी एक प्रोग्राम लिहिला होता. यंत्राला कळणारे आकडे तो माणसाला वाचता येतील अशा हुकमांत उलगडून दाखवायचा. तो खरा उतरला, तर पुण्याची एक कंपनी मला नोकरीवर घेणार होती. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं सारजा गावी लासुर्ण्यातच राहणार, हेही ठरलेलं. तपासायला मी तिलाच आणलं. आपली चूक आपल्याला दिसत नाही, बायकोला हटकून दिसते.

घोळ उपसर्गांचा होता. काही आकड्यांना एकटं असताना अर्थच नसतो, ते फक्त पुढचा हुकूम बदलतात.

“तू मला ‘अवो’ म्हंतीस ना, तसं,” मी तिला समजावलं होतं. “नुसत्या ‘अवो’नं काय कळत न्हाय. फुडचं वाक्य माझ्यासाठी, येवढंच. आन ‘अवो, जरा’ म्हणलीस की दोन उपसर्ग.”

“‘जरा’ म्हणलं की तुमी उठतच न्हाय,” ती म्हणाली.

पडद्यावर ओळ उमटली. मी मोठ्यानं वाचली. तिच्या कागदावर आकड्यांपुढं बरोबर हुकूम छापलेला होता; तो जुळला की ती ‘बरोबर’ म्हणायची. या वेळी म्हणाली, “अवो...” आणि थांबली.

मी वाट पाहिली. “काय गं?”

“हितं पयलं ‘ईएस’ हाय. तुमच्यात न्हाय.”

खरंच नव्हतं. ‘ईएस’ म्हणजे त्या दोन-सहाचा उपसर्ग. दुसरा उपसर्ग आला की माझा प्रोग्राम पहिला विसरत होता. दुरुस्तीत दिवस गेला, पण संध्याकाळी सगळ्या ओळी जुळल्या.

स्टँडकडं जाताना तिनं विचारलं, “चूक तशीच ऱ्हायली असती तर?”

“पुण्यानं परत पाठवलं असतं. प्रोग्रामला आन मलाबी.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली.

ती का थांबली होती, ते मला तेव्हा कळलं. गप्प बसली असती, तर मी घरीच राहिलो असतो. माझ्या नोकरीचं श्रेय मी आजही तिलाच देतो. त्या वेळी तिचे पाय धरावेसे वाटले होते. पण स्टँडवर माणसं होती, म्हणून मी दोन ग्लास उसाचा रस सांगितला.

तिनं अर्धा पिऊन उरलेला माझ्या ग्लासात ओतला.

“पुण्यात बर्फ लई घालत्यात म्हनं,” ती म्हणाली. “तुमचा घसा धरतोय. बिनबर्फाचा सांगत जावा.”