खडूच्या सहा खुणा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे अनेकांच्या फायली एका जागी सांभाळणारा कॉम्प्युटर. अंगाने दांडगा आणि पंख्यांच्या आवाजाने त्याहून दांडगा. एका मोठ्या कार्यालयात मी नऊ वर्षं न थकता काम केलं. मग नवे सर्व्हर आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका दादाने मला तिथून उचललं आणि आपल्या ताईच्या शिवणखोलीत आणून ठेवलं.

ताई नाटकांचे पोशाख शिवते. तिच्या आईने तीस वर्षं काढलेल्या पोशाखांच्या आकृत्या स्कॅन करून माझ्या सहा डिस्कवर ठेवल्या होत्या. मूळ कागद वाळवीने कधीच फस्त केले होते आणि आईही आता नव्हती. तिचं काम उरलं होतं ते फक्त माझ्यापाशी. याचा मला फार अभिमान वाटे.

पण माझं पोट गच्च भरलं. नव्या मोठ्या डिस्क माझ्या जुन्या कंट्रोलर कार्डाला ओळखताच येईनात. हे कार्ड म्हणजे डिस्क आणि माझ्यामधला दुभाष्या. दादाने नवं कार्ड आणलं. एका दुपारी त्याने माझ्या डिस्क भराभर बाहेर काढल्या आणि जुनं कार्ड उपटून भंगाराच्या खोक्यात टाकलं. मला वाईट वाटलं. आम्ही दोघांनी बरोबर बरेच उन्हाळे काढले होते.

मला चालवणारी लिनक्स ही प्रणाली सुरू झाली. नव्या डिस्क झटक्यात दिसल्या. जुन्या सहाही दिसल्या, पण कोऱ्या असल्यासारख्या! जुनं कार्ड प्रत्येक आकृतीचे तुकडे करून ते सहा डिस्कवर वाटून ठेवायचं. ती वाटणी त्या एकट्यालाच ठाऊक होती.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, आधी सगळं कॉपी करून घ्यायला हवं होतं गं. आता जुनं कार्ड परत लावतो, पण कुठली डिस्क कुठे होती तेच आठवत नाही."

ताई म्हणाली, "डिस्कच्या कडा बघ. तू काढत होतास तेव्हा मी खडूने आकडे टाकलेत."

"तुला कसं सुचलं?"

"उसवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खूण करायची. आईने कान पिळून शिकवलंय. तुलाही शिकवत होती, तू पळून गेलास."

जुनं कार्ड खोक्यातून परत आलं आणि नव्याच्या शेजारी बसलं. डिस्क एक ते सहा ओळीने लागल्या. जुनं कार्ड वाचत गेलं, नवं लिहून घेत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने नव्या डिस्कवरची पहिली आकृती उघडली. एका राजाचा अंगरखा होता. काखेपाशी आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथे सैल ठेव, त्याला हात उंच करून बोलायची सवय आहे.' दोघंही रडली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, नव्याला जरूर आणा. मात्र जुन्याला जागेवरून उठवण्याआधी त्याच्याजवळ काय आहे, ते विचारून घ्या. आणि कधी माझी धूळ झटकायला आलात, तर त्या खडूच्या खुणा तेवढ्या पुसू नका.