माझ्या वाटचा होकार

मी आजी बोलतेय. नातवंडं किती ते विचारू नका, एकही नाही. मी रबराची आहे, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नव्याने येणाऱ्यांना जिथे शिकवतात, त्या वर्गातल्या पलंगावर मी पडून असते. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तोंड रंगवलं, आणि रंगवलं ते मिटलेलं. तिथेच माझा घात झाला.

गेली नऊ वर्षं हे लोक माझं अंग पुसतात, चादर बदलतात, या कुशीवरून त्या कुशीवर करतात. एकेका दिवशी पंधरा-पंधरा वेळा. एवढी स्वच्छ आजी शोधून सापडायची नाही!

शिकवणाऱ्या बाईंचा नियम एकच. आधी विचारायचं, मगच हात लावायचा. मुलं-मुली विचारतात हो, पण "आजी, वळवू का?" हे पुरतं म्हणून होईपर्यंत मी वळलेली असते. बाहुलीच्या उत्तराची वाट कोण बघणार?

एकीने बघितली. ती चाळिशीची, आधी कपडे शिवायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला, घरात दोन मुली शिकणाऱ्या. इथे पास झालं की मिळणारी नोकरी हातची घालवून तिला चालणार नव्हतं. परीक्षेत तिने मला विचारलं आणि हात मागे घेऊन उभी राहिली. प्रत्येक वेळी तेच. वेळ संपली, चादर बदलायची राहिली आणि ती नापास झाली.

"अगं, बाहुली आहे ती! थांबलीस कशाला?" बाई म्हणाल्या.

"माझ्या आईचं अर्धं अंग गेलं होतं, बाई. तिला नुसतं 'हो' म्हणायलाही वेळ लागायचा. विचारलं की हात आपोआप थांबतात माझे."

पुढची संधी शेवटची होती. आठवडाभर ती घोकत होती, "थांबायचं नाही, थांबायचं नाही." आणि परीक्षेत "आजी, वळवू का?" म्हणून पुन्हा थांबलीच. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. माझा जीव कासावीस झाला. अगं हो, वळव की मला! एका शब्दावर तिचं घर चालणार होतं, आणि तो माझ्या घशात अडकून बसला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून बाई म्हणाल्या, "हो गं, वळव."

"तुम्ही मध्ये बोलू नका," परीक्षक चिडले.

"मग विचारायला तरी का शिकवायचं? उत्तर द्यायला कुणीतरी नको?"

परीक्षकांनी हातानेच 'चालू द्या' अशी खूण केली. ती पास झाली. जाताना माझा टोप नीट करून गेली, तोही विचारून.

त्या दिवसापासून वर्गात नवी पद्धत आली. एकजण माझ्या उशाशी बसतो आणि माझ्या वतीने उत्तर देतो. मला वाटलं, सुटले बाई एकदाची! पण कसलं काय. भरवू का? हो. पुसू का? हो. कुणाला डबा खायची घाई, कुणाला घरी जायची. माझा डावा खांदा केव्हाचा निखळलाय, वळवलं की आत करकरतो. ते उशाशी बसणाऱ्याला कुठून कळणार?

उद्या तुम्ही खऱ्या माणसाच्या पलंगाजवळ उभे राहाल. विचारा, थांबा. पण फक्त 'हो' ऐकायला थांबू नका. नऊ वर्षांत मला एकदाच, फक्त एकदाच, "आत्ता नको" म्हणायचं होतं.

ही बघा, नवी मुलगी पाण्याचं भांडं घेऊन आलीच. चांगली आहे, विचारून थांबलीसुद्धा.

"आजी, डाव्या कुशीवर वळवू का?"

"हो," उशाशी बसलेला म्हणाला.