ब्लॉक हीटरचा स्विच

नंदा गेल्याचं निशिकांतला कळलं ते सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या प्लांटच्या गेटवर. प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. सकाळी लॉकरमध्ये ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. त्या दिवशी लॉकर उघडला तर फोन आतल्या आत थरथरत होता. कॅनडाहून अश्विन होता. एरवी चार शब्दांनंतर इंग्रजीवर येणारा पोरगा सरळ मराठीत बोलत होता.

"बाबा, आई गेली. गाडी सुरूच झाली नाही, बाबा."

कंपनीची बस निघायच्या बेतात होती. रोज शेजारी बसणारा प्रबोध दारातून ओरडला, "काय निशिकांतराव, या की! आज काय पोहत जाणार?" निशिकांत चढला, नेहमीच्या जागेवर बसला. प्रबोध काहीतरी सांगत होता, निशिकांत मान हलवत होता. कालच तर नंदा व्हिडिओ कॉलवर अश्विनची मोटरहोम दाखवत होती. "अहो, बघा तरी, ओटा, पलंग, बाथरूम, सगळं चाकांवर! आपल्या किचनपेक्षा ह्याचं किचन मोठं आहे."

महिनाभरासाठी लेकाकडे गेली होती ती. लेकाने हौसेने आईला बर्फाचे डोंगर दाखवायला नेलं. तिथे रात्री तिच्या छातीत कळ आली. बाहेर उणे तीसची थंडी, इंजिन दगड झालेलं. शेजारच्या गाडीवाल्याला उठवून हॉस्पिटल गाठेपर्यंत उशीर झाला.

निशिकांतचा व्हिसा वेळेत झाला नाही. तिचं तोंडही त्याला पाहायला मिळालं नाही. अस्थी घेऊन अश्विनच सिंगापूरला आला.

अस्थी समुद्रात सोडून दोघं मरीन परेडच्या फ्लॅटवर परतले. शेजारच्या स्मिताताईंनी वरणभाताचा डबा ठेवला होता. अश्विनने भात कालवला आणि तसाच ठेवला.

"दोन घास खा रे."

"बाबा, आईला मी मारलं."

"काहीतरी बोलू नकोस."

"खरं तेच बोलतोय. मी ब्लॉक हीटर लावायला विसरलो."

प्लांटवर अपघात झाला की चौकशीत आधी 'कुणी' हा शब्द काढायचा नाही, अशी रीत होती. काय चालू होतं, काय बंद होतं, तेवढंच विचारायचं. निशिकांतने अशा चौकशा जन्मभर केल्या होत्या. त्याने ताट बाजूला सारलं. पोराला ह्यातून सोडवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"ब्लॉक हीटर म्हणजे काय, ते नीट सांग."

"थंडीत इंजिनातलं तेल घट्ट होतं. म्हणून इंजिनालाच एक हीटर बसवलेला असतो. गाडीची वायर बाहेरच्या विजेच्या खांबाला जोडायची, की तो रात्रभर इंजिन कोमट ठेवतो."

निशिकांत हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचा सगळा जन्म यंत्रं थंड ठेवण्यात गेला होता.

"वायर जोडली होतीस?"

"होती. आतले दिवे चालू होते की. पण हीटरला वेगळा स्विच आहे. गाडी सुरू होईना तेव्हा टॉर्च मारून पाहिला, तर तो बंद. मी दाबलाच नव्हता."

"दाबला नव्हतास, की दाबल्याचं आठवत नाही?"

"काय फरक पडतो, बाबा! माणूस गेलं ना?"

"फरक पडतो. आठव."

अश्विनने डोळे मिटले. "वायर जोडून आत आलो. हात गारठले होते. बोटांवर फुंकर मारली आणि... दाबला असावा. पण दाबला असता तर बंद कसा सापडेल?"

निशिकांतला धीर आला. बिघाड असणार. "ब्रेकर पडला असेल."

"नाही. ब्रेकर ठीक होता, बघितला मी. स्विचच बंद होता."

"आहे कुठे तो?"

"बाथरूमच्या दाराबाहेर."

"वर काही लिहिलंय?"

"स्टिकर होता, तो कधीच गळून पडला. नुसता लाल दिवा लागतो."

निशिकांतने मान वळवून पाहिलं. ह्या फ्लॅटमध्येही बाथरूमच्या दाराबाहेर तसाच स्विच होता, पाणी तापवायच्या हीटरचा, लाल दिव्याचा. तो दिवा चालू ठेवून नंदा कधी निजली नव्हती. बाहेर जाताना लिफ्टपाशी पोचली तरी तो बघायला परत यायची.

"शेवटी बाथरूमला कोण गेलं होतं?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

"आई. तिथूनच ओरडली, 'अगदी बापावर गेलास रे! वीज काय फुकट येते?' दिवे मालवत असेल. मी हसलो, पांघरूण ओढलं. का?"

निशिकांतने बाजूला सारलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"बघा. म्हणजे मीच विसरलो."

तेव्हाच सांगायचं होतं. निशिकांतने तोंड उघडलंही. पण सांगायचं ते काय? की तुझ्या आईने स्वतःच्या हाताने बंद केला? ती आता स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हती. आणि न सांगावं तर पोर जन्मभर हे ओझं वाहणार.

"चहा टाकतो," असं म्हणून तो उठला. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिला, चहा टाकायचं विसरून.

अश्विनचं विमान उद्या सकाळी आहे. तू स्विच दाबला होतास, हे निशिकांतने त्याला अजून सांगितलेलं नाही.