सहाव्या खेपेचं मानपत्र

परदेशातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव यांनी निशिकांतरावांना मानपत्राचं काम दिलं, तेव्हा त्यात लिहायचं असं काही नव्हतंच. मानपत्र तयार होतं. आधी एका दाताच्या डॉक्टरांना, मग बँकेच्या मॅनेजरना, असं पाच जणांना ते देऊन झालं होतं.

"नाव तेवढं बदला," विश्वासराव म्हणाले. "अहो, हल्ली रॉकेटसुद्धा परत उतरवून पुन्हा उडवतात. आपल्याला कसली लाज?"

यंदा सत्कार मंडळातल्या तरुण संशोधक अनुयाचा होता. तिची मुगाची पेटी मालवाहू यानातून अंतराळ स्थानकावर जायची होती. जिथे वजनच लागत नाही तिथे मोड कुठल्या दिशेला येतात, ते बघायला. निशिकांतरावांनी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, स्वतःचं एक पान कधी कुणाला दाखवलं नाही. पण या मुलीला उसने शब्द द्यायचे नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं. तोआ पायोह या आपल्या वस्तीतल्या लायब्ररीत आठ दिवस बसून त्यांनी पानभर मजकूर लिहिला.

"वाचा बापडे," विश्वासराव म्हणाले. "फ्रेममध्ये मात्र जुनंच. छापून झालंय."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अनुयाचा फोन आला.

"काका, आमची पेटी यानातून काढली."

"अगं, पण का?"

"स्थानकावरच्या संडासाचा पंप बिघडलाय. नवा पंप आमच्या जागेवर बसला. तीन वर्षं काम केलं हो! सत्कार रद्द करा ना, प्लीज."

विश्वासराव ऐकायला तयार नव्हते. "दीडशे माणसांचा साबुदाणा भिजत पडलाय! तुम्ही जुनंच वाचा. तिने काय केलं हे त्यात कुठे लिहिलंय? म्हणून तर ते कधी खोटं ठरत नाही."

"पण पंपाचं काय सांगायचं?"

"शू! स्टेजवर संडास काढता?"

निशिकांतराव माइकपाशी गेले. जुन्या मानपत्रात 'उत्तुंग भरारी' पहिल्याच ओळीत होती. समोर अनुया खाली मान घालून बसली होती. ती ओळ त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी खिशातून आपला कागद काढला. शेवटच्या ओळी सकाळीच खरडलेल्या होत्या.

"अनुया, तुझी पेटी गेली नाही. तिच्या जागी संडासाचा पंप गेला. खरं सांगतो, वर मी असतो तर मीही मुगाआधी पंपच मागवला असता. पण तू तीन वर्षं चिकाटीने काम केलंस आणि आज तोंड न लपवता इथे आलीस. हा सत्कार त्याचा."

विश्वासरावांनी कपाळाला हात लावला. मग अनुयाच हसली, ओढणीने डोळे पुसत, पार ठसका लागेपर्यंत. तिच्या पाठोपाठ सगळा हॉल हसला.

खिचडी झाल्यावर तिने निशिकांतरावांच्या हातातला कागद मागून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नमस्कार करून निघाली.

"अहो निशिकांतराव," विश्वासराव ओरडले, "मुलगी फ्रेम खुर्चीवरच विसरली! पळा, गाठा तिला!"

निशिकांतराव फ्रेम काखेत मारून बाहेर आले. अनुया समोरच सिग्नलला उभी होती. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

निशिकांतराव खाली वाकले, बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतली.