बिरोबापुढचा शब्द

सिताबाईनं लेकाला बिरोबापुढं भंडारा उचलायला लावला, तेव्हा लोहाऱ्याच्या अख्ख्या धनगरवाड्यानं तिच्या हुशारीचं कौतुक केलं होतं. शपथा काय, सगळेच घेतात. देवाची घेतात, लेकरांची घेतात आणि पुढच्या बाजारापर्यंत विसरून जातात. पण सिताबाईनं शब्द असे बसवले की पळवाटच राहू नये. धुळाप्पानं देवापुढच्या हळदीची मूठ भरली आणि आई सांगेल तसं म्हटलं, "पुन्यांदा दारूला शिवलो, तर मायचं तोंड बघणार न्हाय." तिला ठाऊक होतं, पोरगा नोकरी घालवील, बायकोला रडवील, पण मायला सोडणार नाही. नवरा मेल्यावर डझनभर मेंढरांच्या जिवावर तिनं वाढवलेला एकुलता एक मुलगा तो.

धुळाप्पा गावच्या शाळेत शिपाई होता. निजामाच्या राज्यात गावात शिंदीचं दुकान उघड चालायचं आणि त्याचा बाप गुंडाप्पा संध्याकाळी लोटाभर शिंदी पिऊन गुमान घरी यायचा. पुढं ते राज्य गेलं, आपला मुलूख मुंबईला जोडला, दारूबंदी आली आणि दुकानाला कुलूप लागलं. दारू काही गाव सोडून गेली नाही. ओढ्याकाठच्या भट्टीवर जाऊन बसली, आणि होती त्याहून कडक झाली. बाप जे लोट्यानं पचवायचा ते पोराला गिलासानं पचेना. दोन वर्षांत त्याला सकाळी तोंड धुवायच्या आधी लागायला लागली. शाळेची घंटा कधी अकराला व्हायची, कधी पावणेबाराला. पोरं खूश, मास्तर बेजार.

शपथेनंतर दोन दिवस धुळाप्पा शहाण्यासारखा घरी बसला. सिताबाईनं वाड्यातून दोन चकरा उगीचच मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात असे कापायला लागले की पाण्याचा तांब्या ओठाला लागेना. दुपारी तो भिंतीकडं बोट दाखवून ओरडायला लागला, "माय, मेंढरं भिंतीतून यायलीत, हाकल की!" अंगाला घामाच्या धारा. बायको अयोध्या त्याला धरून बसली होती. देवळाच्या पुजाऱ्यानं येऊन पाहिलं आणि सांगितलं, "पोटात पाप ठेवून उचलला यानं. भंडारा बाधला." सिताबाईला ते पटलं. भंडारा तिचा होता ना, बाधणारच.

त्या दिवशी धुळाप्पा सगळ्यांची नजर चुकवून ओढ्यावर गेला. तासाभरात कापरं थांबलं, मेंढरं आल्या वाटेनं परत गेली. दारूनं शपथ मोडायची आणि दारूनंच बाधा उतरायची, हा कुठला न्याय, असं सिताबाईच्या मनात एकदा आलं. पण देवाच्या कामात फार खोल जाऊ नये म्हणून तिनं तो विचार तिथंच सोडून दिला.

मात्र त्या दिवसापासून धुळाप्पानं आईकडं पाहिलं नाही. बाकी काही पाळायला जमलं नव्हतं, एवढं त्यानं इमानानं पाळलं. घरी आला की टॉवेल डोक्यावरून ओढून भिंतीकडं तोंड करून जेवायचा. आई चुलीपाशी असली की हा अंगणात, आई अंगणात आली की हा मेंढरांच्या वाड्यात. मग जेवायलाही येईना. शाळेच्या व्हरांड्यात पडून राहू लागला. जेवढी लाज वाटे तेवढी जास्त प्यायचा, आणि प्याला की लाज आणखी वाढायची. सिताबाई त्याची भाकर बांधून अयोध्याच्या हाती पाठवायची. स्वतः जायची नाही. गेली असती तर पोरगं तिथूनही पळालं असतं.

शेवटी एके दिवशी हेडमास्तर बाबूराव स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सिताबाई, काल तुमचा मुलगा घंटेखाली पडला होता. तोंडातून रक्त आलं होतं. मी त्याची रजा मांडलीय, पण किती मांडू? माझा मेव्हणा असाच होता. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नारायणराव म्हणून डॉक्टर आहेत. त्यांनी त्याला बरं केलं."

"दारूला डाक्टर काय करणार?" सिताबाई म्हणाली. "ते काय खोकला-पडसं हाय?"

"तसंच काहीतरी आहे म्हणतात ते. उद्याच्या गाडीनं जा."

एस.टी.त धुळाप्पा आणि अयोध्या शेवटच्या बाकावर बसले. सिताबाई मुद्दाम पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. तिच्या पाठीवर नजर ठेवायला त्याला शपथेनं मनाई नव्हती. धाराशिव येईपर्यंत तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तिची मान दुखायला लागली.

नारायणराव डॉक्टर हडकुळे, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं मात्र घरच्या माणसासारखं. त्यांनी धुळाप्पाचे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, "दिवसाला किती होते?"

धुळाप्पाची मान खिडकीकडं.

"सकाळी उठल्या उठल्या लागते का?"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "हा तुमच्याकडं पाहत का नाही, आजी?"

सिताबाईनं शपथेची गोष्ट सांगितली. जरा अभिमानानंच सांगितली. तिसऱ्या दिवशीची बाधाही सांगितली. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आजी, ती बाधा नव्हती. रोजच्या दारूची अंगाला सवय झाली, की ती एकदम तोडल्यावर अंग असं उसळतं. हात कापतात, नाही ते दिसतं, फेफरं येतं, माणूस जातोसुद्धा. तुमचा मुलगा त्या दिवशी मरता मरता वाचलाय. म्हणून दहा दिवस इथं ठेवायचं. इंजेक्शनं देऊ, झोपेचं औषध देऊ, खायला घालू. ते माझं काम. ते होईल."

"मग झालं की!"

"ते झाल्यावर खरं काम. घरी गेल्यावर हा कधीतरी पुन्हा पिणार. पहिल्या झटक्यात सुटणारे फार थोडे. पिला त्या दिवशी यानं घरी येऊन सांगायला पाहिजे, म्हणजे लगेच आवरता येतं. आणि तुम्ही तर घराचं दारच लावून घेतलंय. पिला की आई गेली. आई गेल्यावर मग थांबायचं कुणासाठी?"

सिताबाईचा पारा चढला. "म्हंजी म्या पाजली व्हय त्याला? गावानं तोंडात शेण घातलं तरी म्या सोडलं न्हाय त्याला. उपाशी ऱ्हाऊन वाढवलाय!"

"वाढवलंत, म्हणूनच सांगतोय," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडं गेले.

तीन दिवस सिताबाई दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली फुगून बसून राहिली. अयोध्या आतबाहेर करायची, बातमी द्यायची. पहिल्या दिवशी धुळाप्पाला बांधून ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो झोपला. तिसऱ्या दिवशी पेज प्याला आणि विचारलं, "माय जेवली का?"

"तोंड भितीकडंच हाय अजून," अयोध्या म्हणाली. आणि मग जन्मात सासूपुढं मान वर न करणारी ती पोर सरळ बोलून गेली. "आत्याबाई, तुमी त्याला दारू सोड म्हणालाव का तुमाला सोड म्हणालाव?"

सिताबाई तिच्याकडं पाहतच राहिली. कानशिलात बसावी तसं झालं. शपथेचे शब्द जुळवताना वाड्यातल्या बायका काय म्हणतील, हेच तिच्या डोळ्यापुढं होतं, हे आता तिला कबूल करावं लागलं. पोरगं कापत होतं तेव्हाही आपली शपथ किती कडक, हेच ती मनात घोळवत होती. तिला आपलीच शिसारी आली. पदर तोंडात धरून ती बराच वेळ रडली आणि अयोध्यानं तिला रडू दिलं.

पण शपथ मोडायची कशी? भंडारा काही सुपारी नाही, परत केली आणि मोकळे झालो. देवाचा कोप कुणावर तरी होणार. लेकावर होऊन चालणार नव्हतं. सुनेवर तर नाहीच. उरली कोण? सिताबाईनं हिशेब केला आणि तो चटकन जुळला. मग ती उठली, नळावर तोंड धुतलं आणि आत गेली.

उन्हं खाटेवर आली होती. धुळाप्पा पाठ करून पडला होता. तिनं कमरेची चंची सोडली. तिच्यात बिरोबाचा भंडारा कायम असायचा.

"धुळाप्पा, उताणा हो."

"न्हाय, माय. शब्द हाय."

"शब्द माजा होता. तुज्या तोंडात म्या घातला." तिनं चिमूटभर भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला, उरलेला डोक्यावर टाकला. आवाज तिचा मुळातच मेंढरं वळवायचा, सगळा वॉर्ड उठून बसला. "बिरोबा, ऐक रं बाबा! ह्या लेकराला मोकळं केलंय. शब्द मोडल्याचं काय आसंल ते माज्या अंगावर घाल. याला हात लावशील तर माजी-तुजी गाठ हाय!"

कोपऱ्यातल्या नर्सनं काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. धुळाप्पा हळूहळू वळला. दोन-अडीच महिन्यांनी त्यानं आईला पाहिलं. ती हळदीनं पिवळी झाली होती आणि थकली होती. "लई वाळलीस, माय," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यानं दिवसाला किती लागत होती ते आईसमोर सांगितलं. आकडा ऐकूनही सिताबाई तिथंच उभी राहिली.

बाराव्या दिवशी ते घरी आले. गोळ्या होत्या, महिन्याला धाराशिवची फेरी होती. बाबूरावांनी त्याला परत घंटेवर घेतलं आणि ती पुन्हा अकराची अकराला होऊ लागली. पुजारी म्हणाला, देवाशी असं बोलल्याचं फळ मिळेल. सिताबाई म्हणाली, "मिळू दे. म्या घरीच हाय." गुडघे दुखले की ती मनात म्हणायची, आलं वाटतं. मग आठवायचं की ते तर दहा वर्षांपासून दुखतायत.

चार महिने गेले. पोळ्यानंतरच्या रविवारी भर दुपारी सिताबाई भाकरी थापत होती. दारात सावली पडली. धुळाप्पा चौकट धरून उभा होता. वास आधी आला. अयोध्याच्या हातातलं सूप खाली पडलं.

सिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने! ती इंजेक्शनं, ते हेलपाटे, तो बिरोबा! हातातला पिठाचा गोळा त्याच्या टाळक्यात घालावा असं तिला वाटलं. पण धुळाप्पा हलला नाही. डोळे लाल, पाय लटपटते, तरी तो सरळ तिच्याकडं पाहत होता.

"माय, म्या आज पिलो. दोन गिलास. तिसरा भरला हुता, ठिवला आन् घरी आलो."

ओढ्यापासून घर चांगलं अर्धा कोस. एवढं अंतर हा पोरगा हे सांगायला चालत आला. आजवर हाडं मोडली तरी त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. सिताबाईच्या रागाच्या पोटातून असा काही आनंद वर आला की तिलाच लाज वाटली. पिलेल्या लेकाला बघून कुणाला आनंद होतो का? तिला झाला.

"अयोध्या, सकाळच्या गाडीनं धाराशिवला जायचंय," ती म्हणाली. "सदरा धुऊन टाक त्याचा."

धुळाप्पा उंबऱ्यातच घुटमळला. "रागावलीस?"

"लई," सिताबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली. "बस. गरम हाय तवर खा."